शिसवाचं मुसळ आणि बेसची पट्टी

नाशिकच्या स्टँडवर जव्हारमार्गे पालघरला जाणारी एस.टी. लागली होती आणि कंडक्टर माझ्या काखेतल्या लांबलचक पिशवीकडे संशयाने बघत होता. जुन्या चादरीची शिवलेली पिशवी, आत बेस गिटारची मान. मागचे चार स्क्रू काढले की ही मान धडापासून सुटी होते. धड मी घरीच ठेवलं होतं.

"बंदूक आहे का?" कंडक्टरने विचारलं.

"गिटारची मान आहे."

"मग बाकीची गिटार?"

"घरी."

"माणसं काय काय घेऊन फिरतात," तो मागच्या बाईंना म्हणाला आणि त्याने तिकीट फाडलं.

शहाऐंशी सालची दिवाळी नुकती झाली होती. मी तेव्हा नाशिकच्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवत असे. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्याच्या तळाशी जो घुमता आवाज चालत असतो, तो तिचा. त्या पावसाळ्यात माझ्या बेसच्या मानेवरची पट्टी, म्हणजे जिच्यावर बोटांनी तारा दाबतात ती फळी, मधोमध उचलली गेली. आधीच्या कुणा मालकाने तिथे सागाची फळी ठोकून वेळ मारून नेली होती. साग पलंगाला उत्तम, पण तारांनी त्यात चर पाडले, दमट हवेने तो फुगला आणि माझे निम्मे सूर घसा बसल्यासारखे खरखरू लागले.

आमचे मॅनेजर प्रभाकरराव. त्यांनी त्याच सुमारास नवा कीबोर्ड घेतला होता, आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात बेसचेही सूर काढू शकतो हा शोध त्यांना लागला होता. "तालमी सुरू व्हायच्या आत तुझं वाद्य नीट कर," ते मला म्हणाले, "नाहीतर डावा हात आहेच." हसत म्हणाले, पण मी ते हसण्यावारी नेलं नाही. वाजवण्यापलीकडे मला दुसरं काही धड येत नव्हतं.

पेट्या आणि सतारी दुरुस्त करणारे दत्तूकाका पट्टी बसवून द्यायला तयार होते, पण त्यांच्याकडे एवढं लांब शिसव नव्हतं. "जुनं आण, सरळ रेषांचं आण, आणि त्यातलं पाणी मेलेलं पाहिजे," त्यांनी बजावलं. मऊ लाकूड तारेचा आवाज खाऊन टाकतं, फार कडक लाकूड तो टणकन फेकून देतं, शिसव त्याला मधे धरून ठेवतं, असं त्यांचं म्हणणं. काही परदेशी गिटारींवर पांढऱ्या लाकडाची पट्टी असते, तिला वरून पॉलिश चढवावं लागतं. शिसवाला काही लागत नाही. त्याच्या अंगचं तेल आणि वाजवणाऱ्याच्या बोटांचा घाम एवढ्यावर ते वर्षानुवर्षं गुळगुळीत राहतं.

माझा जुना जोडीदार विलास आमचा ऑर्केस्ट्रा सोडून बोईसर-तारापूरच्या कारखान्यात चिकटला होता. डोंगरातलं लाकूड खाली पालघरच्या वखारीत उतरतं, असं तो म्हणाला होता. म्हणून ही स्वारी निघाली.

त्र्यंबक मागे पडलं, मोखाडा आला. कापणी झालेली भाताची खाचरं उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होती. जव्हारला गाडी थांबली तेव्हा मी कांद्याची भजी आणि दोन चहा घेतले. दुसरा चहा भज्यांच्या तिखटाला. तिथून माझ्या शेजारी एक वारली गृहस्थ येऊन बसले. भात झोडून झाला होता आणि ते पालघरकडे वीटभट्टीवर निघाले होते. बराच वेळ त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"काय हाय त्यात?"

"वाद्य आहे. त्याचा एक भाग."

"वाजव मंग."

"तारा नाहीत त्याला."

"मंग कशाला फिरवतो?" त्यांनी विचारलं. मी सगळी कथा सांगितली. त्यांनी मान डोलावली आणि त्यांच्या पाड्यावरचा तारपा (भोपळ्याचं फुंकवाद्य) उंदरांनी कसा कुरतडला ते सांगितलं. विक्रमगडपर्यंत आम्ही दोघे एकमेकांच्या वाद्यांबद्दल हळहळत होतो. मनोरला गाडी हमरस्ता ओलांडून गेली आणि हवेत खारटपणा आला.

पालघरची ती वखार स्टेशनपासून लांब नव्हती. शेठ हौशी होते. गिऱ्हाईक घेईल की नाही याची पर्वा न करता त्यांनी मला सगळं लाकूड दाखवलं. आधी शिसम: उत्तरेकडून ट्रकने येणारं, सोनेरी तपकिरी, फर्निचरवाल्यांचं लाडकं. नाव जवळचं, कूळही एकच, पण आमच्या शिसवापेक्षा अंगाने हलकं आणि रंगाने उघडं. मग खैर: लालभडक आणि वजनदार, पण वाळताना कुठे फाटेल याचा भरवसा नाही. टेंभुर्णीचा काळा गाभाही होता. गिटारवाले ज्या आबनुसासाठी जीव टाकतात त्याचाच हा भाऊबंद, पण तुकडा जेमतेम लाटण्याएवढा.

शेवटी त्यांनी कोपऱ्यातला एक ओंडका पायाने फिरवला. त्यावर वनखात्याचा शिक्का होता. "हे शिसव."

मी वाकून वास घेतला. शिसवाला इंग्रजीत रोजवूड म्हणतात, ते ताज्या लाकडाच्या गोडसर वासावरून. त्या ओंडक्याला तो वास भरपूर होता आणि तीच अडचण होती. लाकूड ओलं होतं. त्याची पातळ पट्टी काढली तर वाळता वाळता पापडासारखी वळणार. शिवाय त्याच्या रेषाही पिळवटलेल्या होत्या.

"दोन-तीन वर्षं ठेवा, वाळेल की," शेठ म्हणाले.

"मला दोन-तीन आठवडेच आहेत."

"मग फॉर्मायका लावा," शेठ म्हणाले आणि स्वतःच खूश होऊन हसले. मी हात हलवत स्टेशनवर आलो.

बोईसरला जाणारी शटल उमरोळीला थांबली, तेव्हा दोन्हीकडे गवत आणि शांतता होती. पुढच्याच स्टेशनात दुनिया बदलली. भोंगे, सायकलींचे लोंढे, नाकात शिरणारा कसलातरी आंबट वास. विलास मला घ्यायला आला होता. त्याच्या खोलीवर जेवताना तो एकदम म्हणाला, "अरे, आमच्या हिरामावशीला विचारू. तिच्या घरी शिसवाचं मुसळ आहे म्हणाली होती एकदा."

हिरामावशी किनाऱ्यावरच्या दातिवऱ्याची. सुकी मासळी घेऊन ती आठवड्यातून एकदा बोईसरच्या बाजारात बसत असे आणि विलास तिचा पक्का गिऱ्हाईक होता. दुसऱ्या दिवशी नेमका तिचा वार होता. पंचेचाळिशीची, ठसठशीत कुंकवाची बाई, समोर बोंबील आणि जवळ्याचे ढीग. मी पिशवीतून मान काढून दाखवली. तिने ती हातात घेऊन उलटी केली.

"याला काय वल्हं म्हनाचं?"

"नाही मावशी. यावर ही जी पट्टी आहे ना, ती शिसवाची हवी. जुन्या शिसवाची."

"जुनं तर हायच. माज्या सासूच्या लग्नापासनं हाय. दोन मुसळं हायत आमच्यात, एक चिरलंय. पन देयाचं म्हनत असशील तर नाय देनार."

"बघायला तरी येऊ?"

"बघाला कोन नाय म्हनतो? जेवालाच या."

विलासची कारखान्यात पाळी होती म्हणून दातिवऱ्याला मी एकटाच निघालो. सफाळ्याला उतरून एस.टी. पकडायची, इतकं सोपं. पण शटलमध्ये खिडकीची जागा मिळाली, वारा लागला आणि माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी वैतरणा स्टेशनातून निघत होती. मी उडी मारूनच उतरलो. स्टेशनाबाहेर पान मिळेना की चहा. परतीच्या गाडीपर्यंत मी बाकावर बसून खाडीकडे बघत राहिलो. भरतीचं पाणी खाजणात शिरत होतं, बगळे एकेक पाऊल मागे सरत होते. स्वतःवर चिडण्यासाठी ती जागा फारच सुंदर होती, म्हणून मी चिडणं सोडून दिलं.

दातिवऱ्याला पोचलो तर जेवण माझी वाटच बघत होतं. तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण आणि वर भाजलेली सुकट. हिरामावशीच्या नवऱ्याला सगळे नाखवा, म्हणजे होडीचा धनी, म्हणत. अबोल माणूस. त्यांची मुलगी सुमन ताटात भाकऱ्या टाकत होती, आणि तिचं लग्न माघात ठरलं होतं.

जेवल्यावर मावशीने आतून दोन्ही मुसळं आणली. लांब, काळसर, हाताळून हाताळून काचेसारखी झालेली. एकाच्या टोकाला लोखंडी कड्यापाशी चीर सुरू झाली होती आणि ती निम्म्यापर्यंत चढली होती. पण वरचा अर्धा भाग धडधाकट होता. रेषा अगदी सरळ. मी नखाने टिचकी मारली. आवाज आला आणि लगेच मेला नाही, थोडा रेंगाळला. बेसची मान त्यावर ठेवून बघितली. लांबीला पुरत होतं, रुंदीला जेमतेम. मला इतका आनंद झाला की तो लपवताही आला नाही.

"मावशी, हे चिरलेलंच द्या मला. तुम्हाला आता काय उपयोग?"

ती गंभीर झाली. मग तिने समजावून सांगितलं. लग्नात घाणा भरतात, तेव्हा दोन मुसळं एकत्र बांधून, आंब्याची पानं लावून सवाष्णी हळद कांडतात. एका मुसळाने घाणा भरत नाहीत. आळीतल्या प्रत्येक लग्नाला ही जोडी इथून जायची. गेल्या वर्षी चीर पडली आणि लोकांनी दुसऱ्या आळीतून मुसळं आणली. ते तिला लागलं होतं.

"घरात पोरीचं लगीन हाय आनि मी जोडी मोडू? चिरलं तं चिरलं, जोडीला उभं तरी हाय. नवीन शिसवीचं मिळालं असतं तं गोस्ट येगळी. आमच्या यांनी लय शोधलं. एवरं जाड सुकं लाकूड नाय मिळत आता."

मी ते चिरलेलं मुसळ तसंच हातात धरून बसलो. मला सुकं शिसव हवं होतं आणि यांनाही सुकंच हवं होतं. पण यांना सुकं कशाला हवं? पट्टी पातळ असते म्हणून ओल्या लाकडात वळते. मुसळ चांगलं मनगटाएवढं जाड. ते ओलं असताना खरादावर (लाकूड गोल कातायच्या यंत्रावर) धरलं आणि सावलीत हळूहळू वाळू दिलं, तर फार काही बिघडत नाही. वजन तर मुसळाला हवंच. पालघरच्या त्या ओंडक्याच्या रेषा पिळवटलेल्या होत्या, पण पीळ असलेलं लाकूड उभं फाटायलाही सहजासहजी तयार होत नाही. जे मला नको होतं, ते यांना चालणारं होतं.

"मावशी, या धड मुसळाला नवी जोडीदारीण आणून दिली तर?"

तिने नाखव्यांकडे बघितलं. नाखवे पहिल्यांदा बोलले. "आना. बघू."

पुढचे दिवस धावपळीत गेले. वखारीच्या शेठनी मला परत आलेला पाहून "फॉर्मायका नाही मिळाला?" असं विचारलं आणि तो ओंडका वनखात्याच्या वाहतूक पासासकट दिला. विलासने बोईसरला रामसुमेर मिस्त्रीकडे नेलं. कारखान्यांसाठी लाकडी साचे बनवणारा हा माणूस मूळचा गोरखपूरकडचा. मोठा खराद होता त्याच्याकडे.

"मूसल?" त्याला हसूच आवरेना. "पूरे तारापूर का काम करता हूँ, मूसल आज तक किसी ने नहीं बनवाया." मग त्याने ओंडक्याला नाक लावलं. "लकड़ी अच्छी है. पर हमारे गाँव की शीशम देखोगे तो यह भूल जाओगे." मी शिसम आणि शिसवातला फरक सांगायला लागलो, तो त्याने अजिबात मान्य केला नाही. आम्ही चहा पिऊन तहावर आलो. खराद फिरू लागला तशी जांभळट काळ्या सालपटांची रास पडली आणि त्या रसायनांच्या वासाच्या गावात पत्र्याच्या शेडपुरता गोड वास दरवळला. येणारेजाणारे कामगार दारात थांबून वास घेत होते.

नवं मुसळ खांद्यावर घेऊन मी दातिवऱ्याला उतरलो, तेव्हा आळीतल्या बायका जमल्याच होत्या. मावशीने लगेच पसंती दिली नाही. उखळात भात घातला, जुनं स्वतः धरलं, नवं सुमनच्या हाती दिलं आणि दोघी कांडू लागल्या. सगळ्या बायका गप्प राहून नुसता आवाज ऐकत होत्या. नवं मुसळ जड होतं, त्याचा ठोका जरा मागून पडत होता. मावशीने चाल किंचित धीमी केली. मग दोन्ही ठोके बरोबर एकाआड एक पडू लागले.

"ओलं हाय, म्हनून जड हाय," ती थांबून म्हणाली. "उन्हाल्यापरत हलकं होल. चालल." आणि चिरलेलं मुसळ उचलून तिने माझ्या हातात दिलं. देताना त्याला हळदीचं बोट लावलं. माझा जीव भांड्यात पडला.

किनाऱ्यावर होडी दुरुस्त करणारे सुतार होते. त्यांनी दोन खुंट्यांमध्ये मुसळ अडकवून वरच्या धड भागातून पट्टी काढली. करवत आत गेली आणि बाहेरून नुसतं काळं दिसणारं ते लाकूड आतून उघडलं. गर्द तपकिरी, त्यात जांभळ्या रेघा, लांबच्या लांब, कुठेही न तुटलेल्या. एवढी वर्षं भात कांडणाऱ्या हातांना हे आतलं रूप कधी दिसलंच नव्हतं. मावशीही बघत राहिली. "सासूला दावाला पायजे होतं," ती म्हणाली.

पट्टी नाखव्यांच्या ओटीवर ठेवून मी निवांत झोपलो. सकाळी दात घासत बाहेर आलो तर पट्टी उन्हात चमकत होती. जरा जास्तच चमकत होती. जवळ गेलो आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. नाखवे शेजारी उकिडवे बसून हातातलं फडकं पिळत होते.

"मुशीचं तेल (मुशी म्हणजे शार्क) पाजलं," ते म्हणाले. त्या अबोल माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू पाहत होतो. "नवीन कापलेलं लाकूड उगडं नाय ठेवाचं. तीन येळा पाजलं. आता कीड नाय, चीर नाय. तुमच्या नातवालापन पुरल."

होडीच्या फळीसाठी हे अगदी खरं होतं. पण बेसची पट्टी मानेला सरसाने चिकटवतात, आणि तेल प्यालेल्या लाकडाला सरस धरत नाही. शिवाय तो वास! मुशीच्या तेलाचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. मला रडू यायचं बाकी होतं. पण पहाटे उठून आपल्या होडीसाठी ठेवलेलं तेल माझ्या पट्टीला पाजणाऱ्या त्या माणसाला काय बोलणार? "छान झालं," मी म्हणालो आणि समुद्राकडे चालत सुटलो.

ओहोटी होती. कालचे सुतार होडीच्या बुडाशी नवी फळी बसवत होते. मी वाळूत बसून त्यांचं काम बघत राहिलो. फळीला तेल पाजलेलं होतंच. त्यांनी सरस वगैरे काही लावलं नाही. भोक पाडलं, खिळा ठोकला, खिळ्याचं डोकं आत बसवलं, वरून लुकण (भेगा बुजवायचा लेप) भरलं, की चालले पुढच्या खिळ्याकडे. समुद्रात जन्म काढणारी होडी चिकटवलेली नव्हतीच. आणि माझ्या पट्टीवर तर ठरावीक घरांत पांढरे ठिपके असतातच, वाजवणाऱ्याला जागा कळावी म्हणून. ठिपक्याखाली स्क्रू लपला तर कोणाला दिसणार आहे? मी उठलो आणि त्या ओल्या वाळूतून पांढरे जाड शिंपले वेचायला लागलो.

निघताना मावशीने सुक्या बोंबलाची पुडी दिली आणि माघातल्या हळदीला बोलावलं. मी म्हणालो, तेव्हा आमचे कार्यक्रम जोरात असतात, जमणार नाही. परतीच्या एस.टी.त माझ्या शेजारी कोणी बसलं की दोन मिनिटांत उठून दुसरीकडे जात होतं. बोंबलाचं कारण सांगून मी पट्टीची अब्रू राखली. घाट चढताना गार वारा लागला. मला उगाच नाखव्यांचं हसू आठवलं आणि माझा राग गेला तो गेलाच.

दत्तूकाकांनी पट्टी नाकाशी नेली आणि हात लांब केला. "हे काय आणलंस? लाकूड की मासा?" वाद्याला स्क्रू मारायला ते अजिबात तयार नव्हते. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग स्पिरिटने पट्टीची खालची बाजू पुसत पुसत म्हणाले, "लाकूड मात्र असं मी तरुणपणी बघितलं होतं." पितळी स्क्रू त्यांनीच शोधून काढले. वर शिंपल्याचे ठिपके घासून बसवले, पट्टीवरचे धातूचे आडवे पडदे ठोकले, तारा चढवल्या. मी सगळ्यात जाड तार छेडली. आवाज खोल होता, गोल होता आणि सावकाश विरत गेला. दत्तूकाकांनी डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला.

तालीम झाली. मी जन्मात इतकं चांगलं वाजवलं नव्हतं. गाणाऱ्या बाईंनी मधेच "सुकट कुणी आणलीय?" असं विचारलं, एवढीच काय ती गडबड. शेवटी प्रभाकररावांनी मला बाजूला घेतलं.

"वाद्य झकास झालंय. खरंच सांगतो," ते म्हणाले. "पण डाव्या हाताची सवय झालीय रे आता. गाडीत एक माणूसही कमी होतो. वाईट वाटून घेऊ नकोस."

मला वाईट वाटलं. फार वाटलं. ते चांगले गृहस्थ होते म्हणून अधिकच वाटलं. बेसची पट्टी बिघडली म्हणून माझी जागा जाणार, असं मी धरून चाललो होतो. पट्टी दुरुस्त झाली आणि जागा तरीही गेली. बरेच दिवस मी बेसची केस उघडली नाही.

माघात एक दिवस सकाळी उठलो, बेस काखेत मारला आणि जव्हारमार्गे पालघरची गाडी पकडली.

दातिवऱ्याच्या आळीत मांडव पडला होता. मला पाहून मावशीने सांगितलं, "बसा, आता घानाच भरतोय." दोन्ही मुसळं एकत्र बांधलेली, त्यांना आंब्याची पानं आणि हळदीचं सूत. धवलारीण (लग्नातली गाणी म्हणणारी बाई) खाकरली आणि गायला लागली. मुसळं उठू लागली, पडू लागली. मी अँप्लिफायर आणला नव्हता. त्याच्याविना बेस म्हणजे वाजवणाऱ्यालाही जेमतेम ऐकू येतो. म्हणून ओटीवरच्या मोठ्या लाकडी पेटीला त्याचं अंग टेकवलं आणि मुसळांचा ठोका पकडून हळूच एक तार छेडली. पेटी घुमली. नाखव्यांनी वळून बघितलं. दोन बायका हसल्या, पण गाणं थांबलं नाही आणि मुसळंही थांबली नाहीत. मी चाल धरून वाजवत राहिलो, नेहमीसारखाच, कुणाच्या मधे न येता.

बेसवाल्याला जन्मभर सगळे एकच गोष्ट सांगतात: आवाज कमी कर. गायक सांगतात, मॅनेजर सांगतात, घरी बायको सांगते, खालच्या मजल्यावरचे येऊन सांगून जातात. मला त्याची इतकी सवय झाली होती की माझी बोटंच आता दबून पडत.

हिरामावशी घामाने निथळली होती. कांडता कांडताच तिने मान वळवली आणि धवलारणीच्या वर आवाज काढून ओरडली, "भाऊ, अवो मोठ्यानं वाजवा ना! आमाला ऐकू नाय येत!"

मग मी मोठ्याने वाजवला.